दोन कड्यांचं दार

थोरल्या बाई : ते भोक पाडायचं यंत्र आधी पिशवीत ठेवा, मग आपण बोलू. ही भिंत माझ्या आजेसासऱ्यांच्या वडिलांनी उभी केली. गवंडी होते ते. वीट हातात आली की कानाशी नेऊन वाजवायचे, आणि एक जरी बद्द वाजली तरी गाडीभर विटा परत पाठवायचे. आजेसासऱ्यांनी हिला गिलावा केला, तो असा की अजून नख लागत नाही. माझ्या सासऱ्यांनी हयातभर दुसऱ्यांच्या भिंतींना ओळंबा लावला आणि वर्षातून एकदा, घरच्या म्हाताऱ्या माणसाची नाडी पाहावी तसा, हिलाही लावून पाहिला. केसाचाही फरक निघाला नाही. या तिघांच्या घरात मी सून म्हणून आले, तेव्हा मला पहिली गोष्ट सांगण्यात आली ती ही, की या भिंतीला खिळा लागणार नाही. आमच्या घरात तसबिरीसुद्धा कपाटाला टेकून उभ्या असतात.

नेटवाला : खिळा कुठं म्हणतोय मावशी मी. करंगळीएवढं भोक. वायर गेली की वर सिमेंटचा ठिपका. नंतर तुम्हालाच सापडायचं नाही.

थोरल्या बाई : मावशी म्हणू नका. आपल्या मातोश्रींचा आणि माझा परिचय नाही.

नेटवाला : मग काय म्हणायचं?

थोरल्या बाई : पुष्कळ लोक काहीच म्हणत नाहीत. उभे राहून ऐकतात.

सूनबाई : आई, त्यांना काम करू द्या ना. तीनला माझा तास आहे.

नेटवाला : कसला तास, मॅडम?

सूनबाई : गणिताचा. मी घरून शिकवते, मुलं आपापल्या घरी पडद्यासमोर बसतात. अजून मला कायम केलेलं नाही, आणि आज तपासनीस बाई तासाला बसणार आहेत. मागच्या वेळी बसल्या तेव्हा मी फळ्यावर अख्खं उदाहरण सोडवलं, "म्हणून उत्तर येतं," असं म्हटलं आणि नेट गेलं. मुलांना वाटलं, बाईंनाच येत नाही. एकानं तसं लिहूनही पाठवलं. आज पुन्हा गेलं तर उद्यापासून येऊ नका म्हणतील. म्हणजे उद्यापासून घरीच बसा. म्हणजे, बसतेच आहे घरी, पण तुम्हाला कळलं.

थोरल्या बाई : तुझी नोकरी जाणार नाही. मी आहे.

सूनबाई : तुम्ही आहात हो आई. नेट नाही.

थोरल्या बाई : ऐकलंत? माझी सून मला उलट बोलत नाही. तुमच्यामुळे बोलायला लागली. ही तुमची चौथी खेप. पहिल्या खेपेला तुम्ही कबुतरांवर आळ घेतलात. दुसऱ्या खेपेला उन्हावर. तिसऱ्या खेपेला माझ्या मिक्सरवर, जो त्या दिवशी दुरुस्तीला गेलेला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची तुमच्या कंपनीत रीतच आहे काय?

नेटवाला : कबुतरं खरंच वायर टोचतात. आमच्या एका गिऱ्हाइकाकडे तर घारीनं अख्खी वायर घरट्याला नेली. आणि मी नुसता आळ घेऊन बसलो नाही. पेटी बदलली, पिना बदलल्या, खांबापासून नवी वायर ओढली. माझा साहेब म्हणाला, त्या घरात आता जुनं असं काय उरलंय?

थोरल्या बाई : काय सांगितलंत?

नेटवाला : तुमचं नाव घेतलं नाही.

सूनबाई : दादा, तुम्ही वस्तू बदलताय आणि वेळ कुणी पाहतच नाही. हे काही केव्हाही जात नाही. सकाळी चहाची भांडी घासून झाली की एकदा जातं. दुपारी तीनच्या आसपास जातं. मग दिवे लागताना. थोड्या वेळानं आपलं आपण परत येतं. दोन-तीन आठवडे असंच चाललंय. गणिताच्या बाईला निदान एवढं कळतं, की जे ठरल्या वेळी होतं ते आपोआप होत नसतं. कुणीतरी करत असतं.

थोरल्या बाई : प्रत्येक गोष्टीत गणित आणू नये. दुपारी माणसाला वामकुक्षी लागते, तशी यंत्रालाही लागत असेल.

नेटवाला : नाही, मॅडम बरोबर बोलतात. माझा हात वायरीवर जातोय, पेटीवर नाही. म्हणून तर म्हणतो, वायर सरळ भिंतीतून घेऊ. आता कशी आली बघा. खांब त्या बाजूला. खांबावरनं पलीकडच्या घरात, पलीकडच्या घरातनं या मधल्या दाराच्या फटीतनं इकडे. कुठल्या वायरमनला विचारा, दारातनं वायर कुणी घेत नाही. तुम्ही उभं राहून घ्यायला लावलीत.

थोरल्या बाई : लावली, कारण हे दार उघडत नाही. ते दार राहिलेलं नाही, भिंतच झालेलं आहे. माझा मुलगा शाळेत जायला लागला त्या सालापासून ते बंद आहे. आज त्याचे केस विरळ झाले.

नेटवाला : पलीकडे भाडेकरू का?

सूनबाई : नाही हो. काकू राहतात. आईंच्या जाऊबाई, सख्ख्या धाकट्या दिरांच्या पत्नी. दोघं भाऊ गेले. काकूंचा मुलगा परदेशात असतो. इकडे आम्ही, तिकडे त्या एकट्या. आणि या दोघी एकमेकींशी बोलत नाहीत.

थोरल्या बाई : बोलत नाही असं नव्हे. बोलणं बंद आहे.

नेटवाला : फरक काय त्यात?

थोरल्या बाई : जे बंद असतं त्याच्यावर कुणीतरी लक्ष ठेवत असतं. तुम्हाला तिनं तिच्या घरातून तार आणू दिली, तेव्हा ती काय म्हणाली?

नेटवाला : म्हणाल्या, "न्या. पण मी हो म्हटलं असं तिकडे सांगू नका."

थोरल्या बाई : तरी सांगितलंत.

नेटवाला : तुम्ही विचारलंत म्हणून.

थोरल्या बाई : असो. दार बंद आहे, ही गोष्ट सूर्यप्रकाशाइतकी स्पष्ट आहे. शिवाय, उघडलं समजा, तरी तारेला काय होणार? तार ती तार. वाकेल, पुन्हा सरळ होईल. कपड्यांची दोरी वारा आला म्हणून तुटते का?

नेटवाला : ही दोरी नाही. हिच्या आत काच असते.

थोरल्या बाई : काच?

नेटवाला : काचेचा धागा. तुमच्या केसापेक्षा बारीक. त्यातनं उजेड पळतो, तो उजेड म्हणजेच तुमचं नेट. थोडी वाकली तर चालते. पण कुठं चेपली, की उजेड तिथंच अडतो. सोडली की पुन्हा सुरू. आता या दाराचं बघा, वायर बिजागरीच्या बाजूनं आहे. दार बंद असताना इथं फट असते. दार उघडलं की ही फट मिटते आणि वायर तिच्यात सापडते. दार लावलं की सुटते. म्हणजे दार उघडं तितका वेळ नेट नाही. पण तुम्ही म्हणता दार उघडतच नाही, मग हे सगळं बोलून काय उपयोग.

सूनबाई : आई? काय झालं? बसा जरा.

थोरल्या बाई : काही झालेलं नाही. काच असते हे या गृहस्थांनी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.

नेटवाला : तुम्ही विचारलं नाहीत.

थोरल्या बाई : विहिरीत पाणी आहे का, हे पडणाऱ्याने विचारायचं असतं काय?

सूनबाई : दादा, हात नका लावू बिजागरीला, काळे होतील. थांबा. काळे कशानं होतील? इतक्या वर्षांच्या बंद दाराची बिजागरी गंजून तांबडी पडायला हवी. ही तर तेलानं ओली आहे. आई, हे शिलाई मशीनचं तेल आहे. वासावरून कळतं.

थोरल्या बाई : बिजागरीचाही काही मान असतो. स्वच्छ ठेवलेली बरी.

नेटवाला : हे कोण ठोठावतंय?

थोरल्या बाई : कुणी नाही. उंदीर असेल.

नेटवाला : तीनदा ठोठावून थांबणारा?

थोरल्या बाई : या घरातले उंदीरही शिस्तीचे आहेत.

सूनबाई : आणि उंदरानं पलीकडची कडी काढली. आवाज आला मला. आई, या दाराला दोन कड्या आहेत, एक आपली आणि एक काकूंची. दोघींनी काढल्याशिवाय दार उघडत नाही, हे तुम्हीच मला लग्नानंतर दाखवलं होतंत. म्हणाला होतात, "यावरून काय ते समज."

थोरल्या बाई : सूनबाई, तू आत जाऊन तासाची तयारी कर.

सूनबाई : फळ्यावर लिहून ठेवलंय सगळं. आता हे उदाहरण सोडवते. रोज तीनदा तुम्ही "जरा पडते" म्हणून या खोलीत येता. रोज तीनदा नेट जातं. आणि तुम्ही जन्मात कधी दुपारी झोपला नाहीत. म्हणून उत्तर येतं...

थोरल्या बाई : पूर्ण कर. आत्ता तुझं नेट गेलेलं नाही.

सूनबाई : माझं नेट तुम्ही घालवता.

नेटवाला : मी बाहेर थांबू का?

थोरल्या बाई : थांबा इथंच. चार खेपा घातल्यात, शेवट ऐकण्याचा तुम्हाला हक्क आहे. तिच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. मोतीबिंदू. थेंब घालायचे असतात, दिवसातून तीनदा. स्वतःचे स्वतः घातले तर गालावर पडतात. मुलगा तिकडून फोनवर सांगतो, "आई, वर बघ." वर बघून थेंब पडत असते तर आभाळाखाली कुणाला डॉक्टर लागला नसता. पहिल्या दिवशी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. ती तिच्या बाजूला बाटली हातात धरून खुर्चीत बसली होती आणि रडत होती. का थेंबच गालावरून ओघळत होते, ते मला लांबून कळलं नाही. मी खाली आले आणि आमची कडी काढली. आणि तुम्हाला सांगते, तिची आधीच काढलेली होती.

सूनबाई : मग तुम्ही बोललात?

थोरल्या बाई : एक अक्षर नाही. बोलणं बंद आहे.

सूनबाई : न बोलता थेंब कसे घालता? डोळे उघडा, वर बघा, हे तरी म्हणावं लागतं.

थोरल्या बाई : तिच्याकडे मांजर आहे. मी मांजरीला सांगते, "मान मागे करावी." मांजर ऐकत नाही, ती ऐकते. लेकी बोले सुने लागे, ही म्हण काय उगाच पडली? काल मांजर खिडकीवाटे बाहेर गेली होती, तर आम्ही दोघी ती येईपर्यंत बसून राहिलो. थेंबाला उशीर झाला.

सूनबाई : काल माझे दोन तास गेले.

थोरल्या बाई : मांजरीमुळे. मला काय ठाऊक काच असते म्हणून. आता तुम्ही हसा; पण हे मी लाडानं करत नाही. देणं आहे. तुझा नवरा रांगत होता तेव्हा मी माळ्यावरून पडले आणि माझा उजवा हात मोडला. माझे केस तेव्हा गुडघ्यापर्यंत होते. एका हातानं वेणी येत नाही. ही रोज सकाळी या दारातून यायची आणि माझी वेणी घालायची. प्लास्टर निघेपर्यंत एक दिवस चुकला नाही. स्वतःच्या अंगात ताप होता तरी आली. आणि पुढे कसल्याशा क्षुल्लक गोष्टीवरून आमचं वाजलं, तेव्हा चार बायकांसमोर म्हणाली, "मी वेण्या घातल्या म्हणून तू लोकांत आलीस. नाहीतर झिंज्या घेऊन घरात बसली असतीस." ते खरं होतं. खोटं असतं तर मी हसून सोडलं असतं. मी म्हणाले, "तुझी वेणीन् वेणी फेडीन, तोवर तुझ्याशी बोलणार नाही." आणि मग फेडायची संधीच तिनं दिली नाही. आजारीच पडेना. घोड्यासारखी धडधाकट बाई. इतकी वर्षं वाट पाहायला लावली.

नेटवाला : म्हणजे मोतीबिंदू झाला म्हणून तुम्हाला...

थोरल्या बाई : वाक्य पूर्ण करू नका.

सूनबाई : आई, पुन्हा ठोठावताहेत. अहो, पण आता माझा तास सुरू होईल. आजच्या दिवस थेंब तासानंतर घातले तर? मी घालते हवं तर.

थोरल्या बाई : तू घातलेस तर ते तुझ्या खात्यावर जातील. आणि आज शेवटचा दिवस आहे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, बाटली संपली की बंद. तिनं माझी वेळ कधी टाळली नाही. मी शेवटच्या दिवशी टाळू? आणि तुझा तास टाळू? तुला मी शब्द दिलेला आहे. या घरात दोन शब्द एकाच वेळी आले म्हणून एक मोडावा, असं कधी झालेलं नाही.

सूनबाई : पण दार उघडलं की नेट जाणार, नाही उघडलं तर थेंब जाणार. दोन्ही कसं राहील?

थोरल्या बाई : तार दारातून काढली तर राहील. अहो, ते यंत्र पिशवीतून काढा.

नेटवाला : काय?

थोरल्या बाई : भोक पाडायचं यंत्र. चार खेपा त्याच्यासाठी भांडलात ना? आता तोंड उघडं टाकून उभे काय राहता. फक्त मी सांगेन तिथे. विटेला धक्का लागता कामा नये, दोन विटांमधल्या सांध्यातच गेलं पाहिजे.

नेटवाला : वरून गिलावा आहे. सांधा दिसणार कसा?

थोरल्या बाई : दिसत नाही, ऐकू येतो. सरका. तिथला चहाचा चमचा द्या मला. वीट घंटेसारखी बोलते, सांधा घसा बसल्यासारखा. ही वीट. ही वीट. हीही वीट. हा...

सूनबाई : आई, पलीकडूनही वाजवताहेत.

थोरल्या बाई : तिला वाटलं, मीच आता ठोठावून येते आहे. थांब म्हणून सांगता येत नाही, आणि तिची मांजर या बाजूला नाही. वाजवू दे. हा पाहा सांधा. इथे पेन्सिलनं खूण करा. तिरकं धरू नका. सासरे म्हणायचे, गवंड्याचा हात हलला की भिंत पिढ्यान् पिढ्या त्याची चेष्टा करते.

नेटवाला : हात तुमच्यामुळे हलतोय.

थोरल्या बाई : माझ्यामुळे आजवर कुणाचा हात हललेला नाही. चालवा. सूनबाई, तू तुझ्या खुर्चीत जाऊन बस, आणि केस नीट कर. तपासनीस बाई आधी तेच पाहील.

(तास संपल्यानंतर. वायर आता भिंतीतून आली आहे आणि मधलं दार सताड उघडं आहे.)

सूनबाई : दादा, एकदाही गेलं नाही. पेटीवरचा दिवा सबंध तासभर हिरवा होता. मी अपूर्णांक शिकवत होते आणि माझं अर्धं लक्ष त्या दिव्याकडे. शेवटी बाई म्हणाल्या, "पुढच्या महिन्यापासून कायम." आणि म्हणाल्या, तास सुरू व्हायच्या आधी एक घरघर ऐकू आली, ती काय होती?

नेटवाला : काय सांगितलंत?

सूनबाई : घरात दुरुस्ती चालू आहे म्हटलं.

नेटवाला : बरोबरच की. आता माझं एक राहिलं. ऑफिसात तक्रार बंद करताना कारण टाकावं लागतं. काय टाकू? दार? जाऊबाई? मांजर?

थोरल्या बाई : कबुतर टाका.

नेटवाला : आई, तुम्ही कधी आलात पलीकडनं? आवाज आला नाही.

थोरल्या बाई : बिजागरीला तेल आहे. आणि आई म्हणालात ते चालेल. या आता. चहा घेऊन जा म्हटलं असतं, पण तुमची खेप पुन्हा पडू नये असं मनापासून वाटतं.

नेटवाला : मलाही. येतो.

सूनबाई : आई, सांगा ना. काय झालं पलीकडे? मांजर होती?

थोरल्या बाई : पलंगाखाली. यंत्राच्या आवाजाला घाबरून बसली होती, बाहेर येईना. थेंब घातले, बाटली उलटी करून शेवटचाही घातला. मग ती म्हणाली, "भिंत फोडलीस?"

सूनबाई : काकू बोलल्या? आधी त्या?

थोरल्या बाई : आधी ती. मला राहवलं नाही. मी म्हणाले, "सांध्यातून."

सूनबाई : इतक्या वर्षांनी पहिला शब्द बोललात, आणि तो "सांध्यातून"?

थोरल्या बाई : विटेतून पाडलं असं तिनं मनात धरलं असतं. ती याच घराण्याची सून आहे. रात्रभर झोपली नसती. मग मी म्हणाले, "तुझ्या वेण्या फिटल्या." तिनं डोळे मिटून मनातल्या मनात हिशेब केला. करू दिला मी. हिशेबात तिचा हात नेहमीच चोख. म्हणाली, "फिटल्या. एकही उरली नाही." आणि विचारलं, "आता तुझे केस कोण विंचरतं?" मी म्हणाले, "विंचरायला उरलेत किती."

सूनबाई : मग आता कडी लावून घेऊ? बाटली संपली, देणं फिटलं. दाराचं काम उरलं नाही.

थोरल्या बाई : असू दे उघडं. इतकी वर्षं फेडायला काही हातात असल्याशिवाय मला तिकडे जाता येत नव्हतं. उद्या रिकाम्या हातांनी जाणार आहे.